निव्वळ वजन

गल्ली नंबर पाचमध्ये दुपारी तीनला
शटर अर्धं खाली असतं. ऊन गुडघ्यापर्यंतच आत येतं.
त्या फटीतून आधी आला एक मॉनिटर,
खोक्याएवढा, पाठीवरचं प्लॅस्टिक पिवळं पडलेलं,
मागून त्याला पोटाशी धरलेले सुपडू निकम.

पारोळा रोडच्या वजनकाट्यावर बसतात ते.
पत्र्याची केबिन, मे महिना,
दोन चपटे स्क्रीन तिथे उन्हाने काळे पडून गेले.
संगणक नवा आहे, भाच्याने लिनक्स टाकून दिलंय,
आणि हा डबा अकरा वर्षं बारदानाखाली होता.
"हाऊ मरत नई, माय," म्हणाले. "हाऊच लाव."

केबल निळ्या तोंडाची. पंधरा टाचण्या,
त्यातली बारावी मोडलेली.
त्याच टाचणीतून संगणक विचारतो, तू कोण?
किती रुंद, किती उंच,
सेकंदात किती वेळा उजळतोस?
उत्तर आलं नाही की समजतो, दाराशी कुणी नाही.

मी लॅपटॉपवरून त्याच्या आत शिरले,
लिहिलं : कुणीतरी आहे, असं धरून चाल.
मागच्या स्टिकरवर आडवी गती, तीस ते पन्नास-आणि-काहीतरी,
शेवटचा आकडा कुणाच्या तरी अंगठ्याने नेलेला.
पहिल्या झटक्यात पंचाहत्तर हर्ट्झ मागितले. हाव.
काच बारीक किंचाळली,
चित्र तिरपं फाटत गेलं, शिवण उसवलेल्या पोत्यासारखं.
मी घाईघाईने वायर उपटली.

सुपडूकाका स्टुलावर, टोपी गुडघ्यावर.
"तो मुका शे. त्याले काय इचारस?
त्याना बदली तूच सांग."

मग पाठकोऱ्या बिलावर गणित मांडलं.
ठिपके एक हजार चोवीस, पण ओळ तिथे संपत नाही.
चित्रापुढे चोवीस ठिपक्यांचा ओटा,
मग एकशे छत्तीस ठिपके लांब अशी एक हाक, की वळ,
मग पलीकडे एकशे साठांचा ओटा.
या तिन्ही जागी काही म्हणजे काही दिसत नाही.
किरण उजव्या काठाला पोचतो,
काळा होतो, आणि डावीकडे परततो.
समोर इद्रीसभाईंच्या मागावर धोटा
जाता-येता दोन्हीकडे विणतो.
हा फक्त जाताना.
येताना रिकामा, माल टाकून आलेल्या ट्रकसारखा.

एवढं बोलले मात्र, काका सरसावून बसले.
"रिकामं येवाले बी टाइम लागस.
तोबी मोजना पडस."

पासष्ट. मग आठ आकडे. एंटर.

आत कुठेतरी टक्.
हातावरची लव उभी राहिली,
तापलेल्या धुळीचा वास सुटला, जुन्या रेडिओला यायचा तसा,
आणि मधोमधून, डोळे चोळत उठल्यासारखा,
पडदा उजळला. कडांना फुगीर, थोडा हिरवट,
पण स्थिर.

तेव्हा दिसलं.
नव्या राखाडी रंगाच्या खाली, काचेतच भाजलेलं :
भरलेलं वजन
रिकामं वजन
निव्वळ वजन
शब्द अगदी स्वच्छ.
समोर आकड्यांच्या जागी नुसते धूसर डाग.
आकडे दर ट्रकला बदलत राहिले,
त्यांना काचेत उतरायला सवडच मिळाली नाही.

काकांनी टोपीच्या टोकाने पुसून पाहिलं.
पुन्हा एकदा पाहिलं, थुंकी लावून.
मी म्हटलं, ते आता जायचं नाही.
"नको जाऊ दे," म्हणाले, चक्क माझ्या मराठीत.

पैसे दिले, सुटे मोजून.
मॉनिटर कवेत घेतला, जरा तोलला,
डोळे मिटून क्षणभर थांबले.
"साडेतेरा किलो," म्हणाले.
मग, मी शटर वर करत असताना, उन्हातून :
"वायर सोडीसन."